बिनविरोध

गेल्या वर्षीच्या आपल्या वार्षिकांकात, क्रीडा विभागाच्या पानावर, माझे छायाचित्र छापून आले आहे. गळ्यात पदक, अंगावर महाविद्यालयाचा निळा ट्रॅकसूट, आणि खाली ओळ अशी, की आंतरमहाविद्यालयीन मुष्टियुद्ध स्पर्धेत ५४ किलो गटाचे सुवर्णपदक पटकावून हिने महाविद्यालयाच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला. स्नेहसंमेलनात शाल-श्रीफळ मिळाले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोणी हौसेने माझा फलक लावला, तो पहिल्या पावसापर्यंत टिकला. या सर्व प्रकारात एक गोष्ट मला कोणी विचारली नाही आणि मीही आपण होऊन कोणाला सांगितली नाही. ती आज सांगते. त्या स्पर्धेत मी एकही ठोसा मारलेला नाही. माझ्या वजनगटात दुसरी मुलगीच आली नव्हती. पंचांनी मला रिंगणात बोलावले, एका कोपऱ्यात उभे केले, समोरच्या कोपऱ्याकडे पाहिले, तेथे कोणी नव्हते. मग त्यांनी माझा हात धरून वर केला आणि मी खाली उतरले. हाताला गुंडाळलेल्या पट्ट्या घामाने ओल्यासुद्धा झाल्या नव्हत्या.

याला आपल्या वर्तमानपत्रांत 'पुढे चाल' असे म्हणतात. ग्रामपंचायतीचा सदस्य बिनविरोध निवडून आला की गावात सलोखा आहे असे आपण मानतो. मुष्टियुद्धात बिनविरोध या शब्दाचा अर्थ एवढाच, की खेळ झालाच नाही.

मुलींच्या मुष्टियुद्धाविषयी बोलणे निघाले की आपल्याकडे दोन सूर लागतात. एक सूर आत्याबाईंचा : नाक मोडले तर पुढे काय? दुसरा सूर सत्कार समारंभातील वक्त्यांचा : स्त्री ही आता अबला राहिलेली नाही. मला दोन्ही सूर ऐकून कंटाळा आला आहे. दोघांपैकी कोणीही असे विचारीत नाही की ही मुलगी लढणार कोणाशी? तिची पुढची लढत कधी? ती लढत कोण ठरवणार, आणि तिच्या पोटाचे काय? एखादी मुलगी मुष्टियुद्ध हेच आपले जीवितकार्य, नव्हे, आपला उदरनिर्वाह मानू पाहील, तर तिच्या वाटेत खरा धोंडा कोणता, याचा विचार करण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम एका शब्दाकडे वळू. खेळातील 'प्रोफेशनल' या शब्दाला मराठीत आता 'व्यावसायिक' म्हणतात. जुन्या मासिकांतून मात्र 'धंदेवाईक' असे छापलेले आढळते. धंदेवाईक पहिलवान, धंदेवाईक टेनिसपटू. पुरुषाला हा शब्द थोडासाच बोचतो. बाईला लावून पाहा, शब्दाचा वासच बदलतो. आपण हौशी नाटक करणाऱ्या मुलीचे कौतुक करतो, पण तिने पैसे घेऊन फडावर उभे राहावयाचे म्हटले की घरात कालवा होतो. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला, तरी त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली, हे आपल्याला ठाऊक आहे. देहाच्या कसबावर उघड पैसा मिळवणारी बाई आपल्या समाजाला टाळ्यांपुरती हवी असते. मुष्टियोद्धा मुलगी याच रांगेत उभी आहे, आणि म्हणून मला आजच्या कोणत्याही विजेतीपेक्षा आधी हमीदा बानूची आठवण येते.

ही बाई मुष्टियोद्धा नव्हती, मल्ल होती. मूळची उत्तर प्रदेशची. तालीम अलीगढला, सलाम पहिलवान नावाच्या वस्तादाकडे. वर्तमानपत्रांनी तिला 'अलीगढची ॲमेझॉन' हे नाव दिले होते. तिच्या खुराकातील दूध, अंडी, बदाम यांचे हिशेब बातम्यांत छापले जात. फेब्रुवारी १९५४ मध्ये तिने पुकारा केला, की जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्यास बाबा पहिलवानाशी तिची कुस्ती झाली, ती १ मिनिट ३४ सेकंदांत संपली, आणि बाबा पहिलवानाने कुस्तीलाच रामराम ठोकला. त्याच वर्षी मुंबईत रशियाची म्हणून गाजवलेली व्हेरा चिस्तिलिन एका मिनिटाच्या आतच तिच्याकडून चीत झाली. ही बाई हौसेसाठी लढत नव्हती. तिकिटे विकली जात, मक्तेदार सामना ठरवीत, तिला बिदागी मिळे. म्हणजे आजच्या शब्दांत ती सरळसरळ व्यावसायिक खेळाडू होती, आणि तीही स्वातंत्र्य मिळून सात वर्षे झाली नव्हती तेव्हा.

आता आपल्या महाराष्ट्राने तिचे काय केले ते पाहा. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. तेथे तिने शोभासिंग पंजाबी याला हरवले तेव्हा प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली, दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्तीगीर संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. तेव्हा या बाईने थेट मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. मोरारजींचे उत्तर मोठे मार्मिक आहे. बंदी घातली ती ती स्त्री आहे म्हणून नव्हे, तर सामने ठरवणारे लोक तिच्यापुढे खोटे, लुटुपुटीचे पहिलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून, असे त्यांनी कळवले.

मी ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा मला मोरारजींचा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा वाटले, की तक्रार खरी असेल किंवा नसेल, तिच्या मुळाशी जी अडचण आहे ती खरीच आहे. बाईशी लढायला बाई नाही. पुरुष लढला आणि हरला तर तो 'डमी' ठरतो, जिंकला तर त्यात पुरुषार्थ कसला म्हणून हसे होते. मग खरे पहिलवान कशाला येतील? जे येतील त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाणार, आणि तो संशय शेवटी बाईच्याच विजयाला चिकटणार. प्रतिस्पर्धी नसलेल्या खेळाडूचा प्रत्येक विजय लोकांना खोटा वाटतो. माझ्या पदकाविषयी मला स्वतःलाच जे वाटते ते तिच्याविषयी हजारो लोकांना वाटत होते. फरक इतकाच की ती खरोखर लढली होती.

युरोपात जाऊन लढण्याचा तिचा बेत होता. तिच्या घरच्यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी, की ते सलाम पहिलवानाला मंजूर नव्हते आणि तिला अडवण्यासाठी त्याने तिचे हात मोडले. हे हात कोल्हापूरच्या दगडांनी मोडले नव्हते, कुस्तीच्या हौद्यातही नव्हे, घरात मोडले. त्यानंतर कुस्तीच्या बातम्यांतून तिचे नाव जे गेले ते गेलेच. मुंबईजवळ कल्याणला त्यांचा दुधाचा धंदा होता, तेथेच ती राहिली. दूध विकले, काही खोल्या भाड्याने दिल्या, पैसे संपले तेव्हा रस्त्याच्या कडेला घरी केलेले खाद्यपदार्थ विकले. १९८६ मध्ये ती वारली. कल्याणच्या लोकलमधून जाणाऱ्या किती जणांनी तिच्या हातचे काही विकत घेऊन खाल्ले असेल, कोण जाणे! ४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या पहिल्या पानावर तिचे चित्र लावले, तेव्हा पुष्कळांनी तिचे नाव प्रथमच ऐकले. त्या पुष्कळांत मीही होते.

आपल्या जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. घनसावंगी तालुक्यातील मुली तेथे सहलीला जातात आणि बलोपासनेवर निबंध लिहितात. मीही लिहिला आहे, त्याला चांगले गुण मिळाले होते. पण समर्थांच्या मारुतीसमोरच्या तालमीत मुलीने पाऊल टाकलेले खेड्यापाड्यांतून आजही खपत नाही. बल हे उपासना करण्याजोगे असेल तर त्याची उपासना अर्ध्याच गावाने करावी असे कोठे सांगितले आहे? कुस्तीने आपले दार उशिरा का होईना किलकिले केले. २०२३ मध्ये सांगलीस पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने गदा मिळवली. हमीदा बानू कोल्हापुरात दगड खाऊन गेली त्याला तोवर कित्येक दशके उलटली होती.

मुष्टियुद्धाची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे, कारण हा खेळ आपल्या मातीतला नाही आणि त्यामुळे त्याची अडवणूक करणारी परंपराही आपल्याकडे नाही. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना मुष्टियुद्ध खेळू दिले ते २०१२ साली, लंडनला. तेही अवघ्या तीन वजनगटांत. मेरी कोम तोवर ४५, ४६ आणि ४८ किलोंत मिळून पाच वेळा जगज्जेती झालेली, पण तिच्या वजनाला ऑलिंपिकमध्ये जागाच नव्हती. म्हणून ती ५१ किलोंत, आपल्यापेक्षा थोराड मुलींशी लढली आणि कांस्यपदक घेऊन आली. आपण त्या पदकाचे पोवाडे गायिले. त्या तीन किलोंविषयी फारसे कोणी बोलले नाही.

ही सगळी हौशी मुष्टियुद्धाची कथा झाली. धंदेवाईक, क्षमा करा, व्यावसायिक मुष्टियुद्ध ही निराळीच दुनिया. तेथे देश पाठवीत नाही, सामना भरवणारा बोलावतो. पुरुषांची जेतेपदाची लढत तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्यांची, तर स्त्रियांची बहुधा दोन-दोन मिनिटांच्या दहा फेऱ्यांची. आयर्लंडची केटी टेलर आणि पोर्टो रिकोची अमांडा सेरानो या दोघी ३० एप्रिल २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लढल्या. त्या सभागृहात स्त्रियांची लढत हाच रात्रीचा मुख्य सामना असण्याची ती पहिलीच वेळ. सभागृह तुडुंब भरले होते आणि दोघींची कमाई दहा-दहा लाख डॉलरच्या घरात गेली. मला त्या पैशापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. केटीला अमांडा होती आणि अमांडाला केटी होती. त्यानंतर त्या आणखी दोनदा लढल्या. एकटी केटी कितीही थोर असती तरी रिकाम्या कोपऱ्याकडे पाहायला कोणी तिकीट काढत नाही.

आपल्या देशात हा प्रयोग मणिपूरच्या सरिता देवीने करून पाहिला. २००६ ची ती जगज्जेती. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत उपांत्य लढतीचा निकाल अन्यायाचा वाटला म्हणून व्यासपीठावर तिने कांस्यपदक गळ्यात घालू दिले नाही आणि त्यापायी वर्षभराची बंदी भोगली. २९ जानेवारी २०१७ रोजी इंफाळला ती पहिली व्यावसायिक लढत लढली, हंगेरीच्या झोफिया बेडोशी, आणि जिंकली. गावची लेक, भरलेले मैदान, विजय. सुरुवात याहून चांगली काय असावयाची? पण त्याच वर्षी ती परत हौशी मुष्टियुद्धाकडे वळली. तिला कोणी दोष देऊ नये. व्यावसायिक मुष्टियोद्ध्याला वर्षातून चार-सहा लढती लागतात. त्या लढतींना भरवणारा लागतो, भरवणाऱ्याला प्रेक्षक लागतात, आणि प्रेक्षकांना दोन तुल्यबळ नावे लागतात. ही साखळी एका सरिता देवीने कशी जोडावी?

मग आपल्याकडे मुष्टियोद्धा मुलगी जगते कशावर? खरे सांगावयाचे तर पोलिसांच्या गणवेशावर. मेरी कोम मणिपूर पोलिसांत, निखत झरीन तेलंगणाच्या पोलिसांत २०२४ पासून उपअधीक्षक. आपल्या मैदानावर पहाटे ज्या मुली पळतात त्या कशासाठी पळतात हे मैदानाच्या रखवालदारालाही ठाऊक आहे. ८०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक : पोलीस भरती. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे खरे, पण माझ्यासारखीच्या आंतरमहाविद्यालयीन प्रमाणपत्राला तेथे कोणी विचारीत नाही. याचा अर्थ खेळ हा आपल्याकडे व्यवसाय नसून नोकरीच्या दाराची घंटा आहे. हे वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ज्या घरात मोसंबीची बाग दुष्काळात तोडावी लागली आहे त्या घरातील मुलीने नोकरीचा विचार करू नये, असा उपदेश शहरातल्या माणसाने करावा.

निखतचे नाव आले म्हणून थोडे विषयांतर. निजामाबाद आपल्याला परके नाही. १९४८ पर्यंत जालना आणि निजामाबाद एकाच निजामी अमलाखाली होते, आणि आजही आपल्या स्टेशनावरून देवगिरी एक्सप्रेस धरली तर परभणी, नांदेड करीत ती निजामाबादला नेऊन सोडते. म्हणजे ही मुलगी आपल्याच रुळांवरची. वडिलांचे बोट धरून मैदानावर गेली. सर्व खेळांत मुली दिसतात, मुष्टियुद्धातच का नाहीत, असे तिने विचारले. सराव करायला मुलगी नव्हती म्हणून मुलांशीच लढली. नाकातून रक्त, डोळा सुजलेला, अशी घरी आली तेव्हा आई रडली, की आता हिच्याशी लग्न कोण करील? नाव झाले की नवरदेवांची रांग लागेल, असे तिने आईला समजावले. २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीला ती जगज्जेती झाली.

परंतु मला तिची सर्वांत आवडणारी गोष्ट या विजयांपैकी नाही. २०१९ मध्ये ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठी ५१ किलो गटात मेरी कोमला निवड चाचणीशिवाय पाठवावे असे घाटत होते. तेवीस वर्षांच्या निखतने क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिले, की चाचणी घ्या. तिने पदक मागितले नाही, जागा मागितली नाही, फक्त लढत मागितली. त्याबद्दल तिला उद्धट ठरवण्यात आले. डिसेंबरमध्ये चाचणी झाली आणि निखत ९-१ अशी सपशेल हरली. मेरी कोमने तिच्याशी हस्तांदोलनही केले नाही. आमच्या एका सरांच्या मते यात निखतची शोभा झाली. माझे मत अगदी उलट आहे. ती हरली, पण समोरच्या कोपऱ्यात उभी राहून हरली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडमधील किएल्स येथे युवा जगज्जेती झाली, ८१ किलोंवरील गटात. पुण्याची देविका घोरपडे २०२२ मध्ये स्पेनमधील ला नुसिया येथे युवा जगज्जेती झाली, ५२ किलोंत. दोघींची गुणवत्ता सारखी धरली तरी पुढची वाट सारखी नाही. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा सर्वांत वरचा गट ७५ किलोंचा. अल्फियाच्या वजनाला तेथे दारच नाही. देविकाला दार आहे, पण त्याच सुमाराच्या वजनात आधीपासून निखत उभी आहे. एकीपुढे ऑलिंपिकचा कोपरा रिकामा, दुसरीपुढे फार मोठा भरलेला. मला निवड करावयास सांगितली तर मी देविकाची अडचण घेईन.

आत्याबाईंच्या प्रश्नालाही उत्तर द्यावयास हवे, कारण तो प्रश्न प्रेमापोटी आलेला असतो. नाकाचे मला विशेष वाटत नाही. नाक बसवता येते. पण डोक्याला बसणाऱ्या ठोशांचे परिणाम वर्षांनंतर दिसतात, हे वैद्यकशास्त्राने पुरते सिद्ध केले आहे आणि त्यावर हसून चालणार नाही. पुरुषांच्या वरिष्ठ हौशी स्पर्धांतून २०१३ पासून शिरस्त्राण काढून टाकले, स्त्रियांच्या डोक्यावर ते पॅरिसपर्यंत राहिले, आणि शिरस्त्राणाने चेहरा फुटायचा वाचतो, मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. म्हणूनच तर मुष्टियोद्ध्याला आपल्या तोलाचा, आपल्या वजनाचा, आपल्याइतकाच शिकलेला प्रतिस्पर्धी लागतो. कोणीच नाही म्हणून ६५ किलोंच्या मुलाशी सराव करणाऱ्या मुलीला जो धोका आहे, तो रीतसर लढतीत नाही. मी स्वतः अशा सरावात एकदा अर्धा मिनिट डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसले आहे. त्या मुलाची चूक नव्हती. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता.

आणि आता आपल्या घरचे. रागावू नये, ही विनंती. माझ्या सत्काराला जो मंडप घातला, हार आणले, फलक रंगवला, त्या खर्चात ग्लोव्हजचे चार जोड आले असते. आज क्रीडा विभागात दोन जोड आहेत, त्यांपैकी एकाचे अस्तर फाटून बोटे बाहेर येतात. वाळू भरलेले पोते आहे, ते मार खाते पण परत मारीत नाही. जिल्ह्यात आठ तालुके. जालना, अंबड, परतूर, भोकरदन, मंठा येथील महाविद्यालयांतून एकेक दोन-दोन मुली नक्कीच असतील, ज्या माझ्यासारख्याच पोत्यावर हात चालवीत असतील. महिन्यातून एक रविवार त्या सर्व एका ठिकाणी आल्या, एसटीचे भाडे आणि दुपारचे जेवण एवढाच खर्च झाला, तरी दुसऱ्या वर्षी कोणाला 'पुढे चाल' द्यावी लागणार नाही. व्यावसायिक मुष्टियुद्ध, लाखांच्या बिदाग्या, मोठी सभागृहे या गोष्टी फार दूरच्या. पण त्यांची सुरुवात जेथून होते ती जागा आपल्या हातची आहे. गुरुजनांनी या मागणीवर क्रीडा समितीत विचार करावा. पदाधिकाऱ्यांनी यंदा फलक लावला नाही तरी चालेल.

ते पदक मी घरी भिंतीवरून काढून पेटीत ठेवले आहे. आईने कारण विचारले, तेव्हा धूळ बसते असे सांगितले. हा अंक घरी येईल तेव्हा तिला खरे कारण कळेल.

गेल्या महिन्यात कला शाखेच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी मैदानाच्या कडेला उभी राहून माझा सराव पाहत होती. मंठ्याकडची आहे, वसतिगृहात राहते. तीन दिवस नुसती पाहत होती, चौथ्या दिवशी म्हणाली, "ताई, मला पण शिकवता का?" मी तिला व्यायामशाळेतील काट्यावर उभे केले. ४९ किलो. माझे वजन ५३. मी तिला सांगितले, रोज दोन भाकरी जास्त खा, मी एक कमी करते.